बातमी, शास्त्र आणि तारण

उज्जैन ही काळ मोजणाऱ्यांची नगरी आहे. आपल्या जुन्या ज्योतिषगणिताने शतकानुशतके आपली मध्यरेषा अवंतीवरून काढली आणि ग्रहांची गणिते इथली वेळ धरून केली. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात इथे वेधशाळा उभारली. ती ढासळल्यावर माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत, १९२३ च्या सुमारास, तिचा जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्विद तिचे अधीक्षक झाले. आजही त्या आवारात सम्राट यंत्राची सावली दगडी कमानीवरच्या खुणांवरून सरकताना दिसते. सावलीने दाखवलेली वेळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही, कारण उज्जैनचा सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्या सरासरी २७ मिनिटे मागे चालतो. कोष्टक पाहून तेवढी मिनिटे मिळवली की हिशेब बसतो. महाकालाच्या ज्या मंदिरामुळे हे शहर ओळखले जाते, त्याची अठराव्या शतकातली उभारणीही राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केली. मुहूर्त, पर्वकाळ, सिंहस्थ, ग्रहणाचे वेध हा सारा विचार इथल्या मराठी घरांच्या अंगवळणी पडलेला आहे, आणि त्या घरांतली जी थोडी ख्रिस्ती आहेत तीही याच हवेत श्वास घेतात. म्हणून असा माणूस रोजची बातमी हातात घेऊन पवित्र शास्त्र उघडतो, तेव्हा त्याच्याही मनात बहुधा पहिला प्रश्न हाच येतो की आता किती वाजले, शेवट किती जवळ आला.

हा प्रश्न चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. तो पहिला नाही, एवढेच म्हणणे आहे आणि पुढच्या सगळ्या पानांत तेच मांडले आहे. युक्रेनमध्ये रणगाडे शिरले, गाझात बॉम्ब पडू लागले, तुर्कस्तानात भूकंप झाला, महामारीने शहरे ओस पडली, की काही तासांत मोबाईलवर अध्याय आणि ओवीच्या आकड्यांसह संदेश फिरू लागतात. त्यांत मत्तयाचा चोविसावा अध्याय असतो, प्रकटीकरणातले चार घोडे असतात, श्वापदाचा आकडा असतो. पाठवणाऱ्यांची श्रद्धा खरी असते, तिच्यावर शंका घेण्याचे कारण नाही. पण असा संदेश वाचून झाल्यावर वाचणाऱ्याच्या हाती काय उरते, हे पाहिले तर बहुतेक वेळा दोनच गोष्टी उरतात: थोडी भीती, आणि आपण आत आहोत याचे थोडे समाधान. पश्चात्ताप उरत नाही. शेजाऱ्यासाठी काही करावे असे वाटणेही उरत नाही. जे वाचन माणसाला या दोन्हींपैकी कुठेच नेत नाही, ते शास्त्रातली वाक्ये वापरत असले तरी शास्त्राच्या रीतीने वाचत नाही.

शास्त्राची रीत कोणती, हे ठरवायला लूकच्या तेराव्या अध्यायाच्या पहिल्या पाच ओव्या पुरेशा आहेत. प्रभू येशूसमोर लोकांनी थेट ताजी बातमी आणून ठेवल्याचा हा प्रसंग आहे. पिलाताने काही गालीलकरांना कापून काढले होते, तेही ते यज्ञ करीत असताना. बातमी आणणाऱ्यांनी काय विचारले हे लूक सांगत नाही, पण येशूच्या उत्तरावरून त्यांच्या मनातले कळते. मेलेले इतरांपेक्षा जास्त पापी होते म्हणून त्यांचे असे झाले, असे तुम्हाला वाटते काय, असे तो विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. मग तो आपल्याकडची एक बातमी जोडतो. शिलोहातला बुरूज कोसळून १८ माणसे दगावली होती. पहिल्या घटनेत राजसत्तेचे क्रौर्य होते, दुसऱ्यात साधा अपघात. एकीत दोष कुणाचा हे उघड होते, दुसरीत कदाचित कुणाचाच नव्हता. दोन्हींबद्दल त्याने एकच उत्तर दिले. मेलेल्यांच्या पापाचा हिशेब तुमच्याकडे नाही. तुम्ही मात्र अजून जिवंत आहात, तेव्हा वळा. त्याच्या लगेच पुढे निष्फळ अंजिराच्या झाडाचा दाखला येतो. मालक झाड तोडायला सांगतो आणि माळी आणखी एक वर्ष मागून घेतो, भोवती खणून खत घालीन म्हणतो. दाखल्यात वर्ष मोजलेले आहे, पण ते शेवटाची तारीख कळावी म्हणून मोजलेले नाही. खणण्यासाठी आणि खत घालण्यासाठी मिळालेली ती मुदत आहे.

हे उत्तर उज्जैनच्या मातीवर ठेवून पाहावे. ५ मे २०१६ रोजी सिंहस्थ चालू असताना वादळी पाऊस आला, मंडप कोसळले आणि सात जणांचा जीव गेला. मेलेले यात्रेकरू होते. कुणाच्या तरी घरचे होते. त्यांच्या मृत्यूत मूर्तिपूजेवरचा न्यायदंड पाहण्याचा मोह एखाद्या ख्रिस्ती मनाला झाला असेल, तर तो मोह शिलोहाच्या बुरुजापाशीच सोडावा लागतो. तंबूखाली सापडलेला यात्रेकरू सुरक्षित घरात बसलेल्या विश्वासणाऱ्यापेक्षा जास्त पापी होता, असे म्हणण्याची परवानगी प्रभूने कुणालाही दिलेली नाही. भोपाळ इथून फार लांब नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला आणि झोपलेल्या वस्त्यांमधली हजारो माणसे मेली. तिथे दोष होता. तो माणसांचा होता, टाकीच्या देखभालीत आणि सुरक्षेवरच्या खर्चाला लावलेल्या कात्रीत होता. अशा वेळी शास्त्राचा वाचक आमोसाकडे जाईल. गरिबाच्या डोक्यावरची धूळदेखील ज्यांना हवी असते, त्यांच्यावर त्या मेंढपाळाने आसूड ओढला आहे. म्हणजे बातमी वाचताना शास्त्र दोन्ही गोष्टी करते. जिथे अन्याय आहे तिथे तो अन्याय नावाने दाखवते, आणि मेलेल्यांवर मात्र निवाडा करू देत नाही. ईयोबाचे मित्र नेमके उलटे करीत होते. ते राखेत बसलेल्या माणसाचे पाप शोधत होते, आणि शेवटी परमेश्वराचा राग ईयोबावर न होता त्यांच्यावर झाला.

आता कुणी म्हणेल की हे सारे निषेधाचे झाले. काय करू नये ते कळले, काय करावे? त्यासाठी प्रेषितांच्या कृत्यांतला अकरावा अध्याय पाहावा. अंत्युखियाच्या मंडळीत अगब नावाचा संदेष्टा उभा राहतो आणि मोठा दुष्काळ येणार असे आत्म्याच्या प्रेरणेने सांगतो. लूक जोडतो की रोमी सम्राट क्लौद्याच्या कारकिर्दीत तो आलाच. शास्त्राबाहेरचा पुरावाही आहे. यहुदी इतिहासकार योसेफस याच काळातल्या यरुशलेमेतल्या दुष्काळाची हकीकत देतो आणि अदियाबेनच्या हेलेना राणीने मिसरातून धान्य आणवून तिथल्या लोकांना वाटल्याचे सांगतो. अगबाचे भाकीत तर खरे भाकीत होते, आजच्या कुठल्याही संदेशापेक्षा अधिकाराचे. ते ऐकून मंडळीने काय केले? हा दुष्काळ प्रकटीकरणातल्या कितव्या शिक्क्याचा असली सभा भरली नाही. ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे काढले आणि ते बर्णबा व शौल यांच्या हाती यहुदियाला पाठवले. भविष्य कळले आणि त्यातून मदतीचा निधी उभा राहिला. नव्या करारात चालू घटनेचा शास्त्रोक्त अर्थ लावल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलेले नाही.

मराठी ख्रिस्ती परंपरेत हीच रीत कुणी जगून दाखवली असेल तर ती पंडिता रमाबाईंनी. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दक्षिणेच्या दुष्काळात गेली. उपाशी पोटाने पुराण सांगत हिंडणारे ते कुटुंब शेवटी विकायलाही काही उरले नाही अशा अवस्थेला आले होते. दुष्काळ त्यांनी पुस्तकात वाचलेला नव्हता. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८९६–९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून निराधार मुली, विधवा गोळा करून आणल्या. केडगावच्या माळरानावर मुक्तिसदन उभे राहिले ते याच धावपळीतून. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगही होता. मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. या दोन घटनांच्या मधल्या काळात, मे १८९७ मध्ये, रमाबाईंनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात सरकारी प्लेग-व्यवस्थेवर, विशेषतः स्त्रियांच्या होणाऱ्या हालांवर, जाहीर पत्र लिहिले. त्याचा गवगवा लंडनच्या संसदेपर्यंत गेला आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे फेटाळले. रमाबाई ख्रिस्ताच्या पुनरागमनाची मनापासून वाट पाहणाऱ्या होत्या. त्या वाट पाहण्याने त्यांचे डोळे वर लागले नाहीत. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारच्या प्लेगच्या दवाखान्यात काय चालले आहे ते त्यांना दिसले आणि त्यांनी लिहिले.

माळव्यावर दुष्काळ येत नाही असा इथल्या लोकांचा जुना विश्वास होता, कारण काळी जमीन आणि भरपूर पाणी. १८९९ चा पावसाळा कोरडा गेला आणि तो विश्वास मोडला. विक्रम संवत् १९५६ चे ते वर्ष, म्हणून लोकांच्या तोंडी ‘छप्पनिया’ हे नाव बसले. १९०१ च्या जनगणनेत मध्य भारतातल्या संस्थानांची लोकसंख्या मोठ्या प्रमाणात घटलेली दिसली. १८७७ मध्ये इंदूरला आलेले कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशन तोवर उज्जैनसह माळव्यात बऱ्याच ठिकाणी काम करीत होते. त्याने अनाथ मुलांना आसरा दिला, शिकवले, हुन्नर दिले. आज माळव्यातल्या कित्येक ख्रिस्ती कुटुंबांची वंशावळ त्या वर्षापाशी येऊन थांबते. त्याआधीची नावे कुणाला माहीत नाहीत.

नेमका इथेच सगळ्यात गंभीर आक्षेप येतो, आणि त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दुष्काळात भाकर दिली आणि बाप्तिस्माही दिला, तर तो विश्वास की सौदा? हा प्रश्न बाहेरच्यांनी विचारला आहे आणि विचारण्याचा त्यांना हक्क आहे. १८९३ मध्ये रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनात मुलींवर धर्माचा प्रभाव पाडला जातो या आरोपावरून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे त्यांचे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ते द्वेष्टे नव्हते. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनांच्या कामाची चौकशी करायला नियोगी समिती नेमली, तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टेनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे ठरवले. २०२१ च्या कायद्याने धर्मांतरापूर्वी ६० दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक केले. या कायद्यांच्या तरतुदींबद्दल आणि त्यांच्या वापराबद्दल माझे आक्षेप आहेत, ते पुढे एका प्रकरणात आहेत. पण आमिषाचा मूळ प्रश्न कायद्याने निर्माण केलेला नाही. तो शास्त्रातच आहे. शोमरोनातल्या शिमोनाने पैसे देऊन पवित्र आत्म्याचे सामर्थ्य विकत मागितले, तेव्हा पेत्राने त्याला जितक्या कठोर शब्दांत झाडले तितक्या कठोर शब्दांत तो क्वचितच कुणाशी बोलला आहे. जे विकत घेता येत नाही ते विकताही येत नाही.

याहून महत्त्वाचा पुरावा योहानाच्या सहाव्या अध्यायात आहे. पाच हजार जेवले आणि दुसऱ्या दिवशी सरोवर ओलांडून पुन्हा आले. तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझा शोध करता, असे येशूने त्यांना तोंडावर सांगितले. म्हणजे पोटासाठी येणारी माणसे त्याच्याकडेही आली आणि त्याने ती ओळखली. मग त्याने दोन गोष्टी केल्या नाहीत. पुढच्या वेळी भाकर देण्याआधी विश्वासाची अट घालीन असे म्हटले नाही. आणि ज्यांना त्याचे बोलणे कठीण वाटले त्यांना जाताना अडवले नाही. पुष्कळ जण गेले. बारांनाही त्याने विचारले की तुम्हीही जाता काय. भाकर सर्वांना, बोलावणे सर्वांना, आणि दार दोन्ही बाजूंनी उघडे. मिशनच्या इतिहासात जिथे हे दार आतून बंद झाले असेल, जिथे पोर शाळेत राहावे म्हणून किंवा रांगेत पुढे घ्यावे म्हणून नाव बदलायला लावले असेल, तिथे ती चूक येशूच्या मापानेच चूक ठरते. विरोधकांच्या मापाची त्यासाठी गरज नाही. जिथे दार उघडे राहिले तिथल्या माणसांचा विश्वास केवळ ती भुकेली होती एवढ्यावरून खोटा ठरवणे हाही अन्यायच आहे. भुकेल्या माणसाला बुद्धी नसते, निवड करता येत नाही, हे गृहीतक पोट भरलेल्यांचे आहे. ज्यांनी छप्पनियानंतरची पन्नास वर्षे, सुकाळात आणि नोकरीचा लोभ संपल्यावरही, उपासना सोडली नाही, त्यांनी उत्तर देऊन ठेवलेले आहे.

दुसरा आक्षेप मंडळीच्या आतून येतो. दवाखाना, शाळा, दुष्काळनिधी एवढाच जर शास्त्राचा अर्थ असेल तर तारण कुठे राहिले? ही माणसे वधस्तंभ सोडून समाजसेवा धरतात, असे काही पाळक म्हणतात आणि त्यांची काळजी पोकळ नाही. सेवा करून माणूस तरत नाही. इफिसकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय या बाबतीत जराही धूसर नाही: तारण कृपेने आहे, कर्माने नाही, कुणी आढ्यता बाळगू नये म्हणून. पण तोच पौल पुढच्याच ओवीत सत्कर्मांसाठी आपण निर्माण झालो असे सांगतो. हे दोन शेजारी ठेवले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याचे तारण त्याच्या सेवेवर अवलंबून आहे, त्याला सेवेसाठी गरीब लागतो; गरीब त्याच्या पुण्याचे साधन होतो. ज्याचे तारण आधीच, फुकट, वधस्तंभावर झाले आहे, त्याला गरिबाकडून काहीच मिळवायचे उरत नाही, धन्यवाद नाही, धर्मांतराचा आकडाही नाही. कृपेचा सिद्धांत आणि निरपेक्ष सेवा यांत विरोध दिसतो तो वरवरचा. माझ्या मते आमिषाच्या दोषावर खरा उपायच हा सिद्धांत आहे, आणि तो आमच्या व्यासपीठांवरून पुरेसा सांगितला जात नाही.

तिसरा आक्षेप भविष्यवाणीच्या अभ्यासकांचा. येशूने स्वतः चिन्हे सांगितली आहेत; आकाशाचा रंग ओळखता आणि काळाची चिन्हे ओळखत नाही म्हणून परूशांना दटावले आहे; मग ती ओळखू नका असे तुम्ही कसे म्हणता? मी तसे म्हणत नाही. मत्तयाचा चोविसावा अध्याय मात्र पूर्ण वाचावा असे म्हणतो. लढाया, दुष्काळ, भूकंप यांची यादी देतानाच सांगितले आहे की घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. त्या दिवसाविषयी व घटकेविषयी देवदूतांना आणि पुत्रालाही ठाऊक नाही, हेही त्याच बोलण्यात आहे. मग पंचविसावा अध्याय चालू होतो आणि त्यात दिव्यातले तेल, धन्याने सोपवलेला पैसा, आणि भुकेले, तहानेले, परके, उघडे, आजारी, कैदी येतात. शेवटच्या न्यायासनापुढे विचारले जाणारे प्रश्न तिथे आधीच फोडून ठेवले आहेत. त्यात तारीख ओळखली होती का, हा प्रश्न नाही. ज्यांनी तारखा काढल्या त्यांचा इतिहास सर्वांपुढे आहे. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला, कित्येकांनी उभी पिके शेतात सोडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळ झाली. ती माणसे शास्त्र न जाणणारी नव्हती. दानीएलाचे आकडे त्यांना पाठ होते. आपल्याकडे बारकोड, आधार क्रमांक आणि करोनाची लस या तिन्हींत श्वापदाची खूण पाहणारे होऊन गेले. लस घेऊ नका असे ज्यांनी विश्वासाच्या नावाने सांगितले, त्यांच्या सांगण्याची किंमत सांगणाऱ्यांनी मोजली नाही. ऐकणाऱ्यांच्या घरांनी मोजली.

या बाबतीत यिर्मया आणि हनन्या यांचा वाद डोळ्यांपुढे ठेवावा. दोघेही परमेश्वराचे नाव घेऊन बोलत होते. हनन्या म्हणाला, दोन वर्षांत बाबेलचे जोखड मोडेल. लोकांना हेच ऐकायचे होते. यिर्मयाने सत्तर वर्षे सांगितली आणि बंदिवानांना पत्र लिहून कळवले की घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात नेले आहे त्याचे हित पाहा आणि त्यासाठी प्रार्थना करा. त्याच यिर्मयाने, यरुशलेमेला वेढा पडलेला असताना, अनाथोथातली जमीन १७ शेकेल देऊन विकत घेतली आणि खरेदीखत मडक्यात जपून ठेवायला सांगितले. वेढ्याच्या बातमीचा त्याने लावलेला अर्थ हा होता.

ख्रिस्ती लोकांवर होणाऱ्या हल्ल्यांची बातमी आली की तीही शेवटच्या काळाचे चिन्ह म्हणून फिरते. छळ होतो तेव्हा तो छळच असतो आणि त्याला दुसरे नाव देऊ नये. पण पेत्राचे पहिले पत्र छळाने चकित होऊ नका म्हणते आणि त्याच श्वासात वाईट कृत्य करून दुःख भोगू नका असेही बजावते. पौलाने तर फटक्यांसाठी बांधले जात असताना आपण रोमी नागरिक असल्याचे सांगितले आणि पुढे कैसराकडे दाद मागितली. न्यायालयात जाणे, संविधानाच्या २५ व्या कलमाचा आधार घेणे, हे विश्वासाच्या कमतरतेचे लक्षण नाही. पौलाचा तोच मार्ग होता. उज्जैनमधल्या कुणाही विश्वासणाऱ्याने हे ओळखायला हवे, कारण इथे आपण थोडे आहोत आणि थोड्यांना स्वतःला वेढलेले समजण्याची सवय लवकर लागते.

थोडे असूनही एकजिनसी आहोत असेही नाही. कॅनडियन मिशनचा वारसा सांगणाऱ्या मंडळ्या आहेत. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९७७ मध्ये धर्मप्रांताचा दर्जा मिळालेल्या सिरो-मलबार कॅथलिक धर्मप्रांताचे धर्मगुरू केरळातून आले आहेत. उपासना बहुतेक ठिकाणी हिंदीत चालते. अशा शहरात हे पुस्तक मराठीत का, असे विचारले जाईल. कारण बातमी आणि शास्त्र यांची सांगड घालण्याचे काम मराठीत जितके जुने आणि जितके कसलेले आहे, तितके आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नाही. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती पत्र १८४२ पासून निघत होते. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले, ते हिंदू विधवांच्या स्थितीकडे पाहूनच. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर आयुष्याची उरलेली वर्षे याच प्रश्नाशी घालवली की ख्रिस्त या मातीतल्या माणसाशी त्याच्या भाषेत कसा बोलेल. रमाबाईंनी तर अखेरची वर्षे संपूर्ण पवित्र शास्त्र सामान्य बाईला कळेल अशा मराठीत आणण्यात घालवली. १९२२ मध्ये त्या गेल्या तोवर ते काम पुरे होत आले होते. या माणसांनी प्लेग, दुष्काळ आणि काहींनी महायुद्धही पाहिले. त्यांच्या लेखनात शेवटाच्या तारखा शोधायला जाणाऱ्याच्या हाती फार काही लागणार नाही.

पुढील प्रकरणांची मांडणी म्हणूनच बातम्यांच्या क्रमाने केलेली नाही. आधी लूक १३, मग योहान ६, मग कृत्ये ११ आणि यिर्मया २९, असे चार उतारे सावकाश वाचले आहेत, आणि त्या वाचनातून जे प्रश्न निघतात ते साथीच्या रोगांना, युद्धाला, कायद्याला आणि इथल्या क्षिप्रा नदीच्या पाण्याला लावून पाहिले आहेत. इस्राएलविषयीचे प्रकरण सर्वांत लांब झाले आहे, कारण तिथे आपल्या मंडळ्यांत मतभेद सर्वांत तीव्र आहेत. आजचे राष्ट्र आणि शास्त्रातले अभिवचन यांची सरळ जोड घालणे मला मान्य नाही. उलट मत असलेल्यांचे मुद्दे त्यांना स्वतःला मान्य होतील अशा शब्दांत मांडण्याचा प्रयत्न केला आहे. शेवटचे प्रकरण २०२८ च्या सिंहस्थाचे आहे. तेव्हा या शहरात कोट्यवधी माणसे येतील. पिण्याचे पाणी, हरवलेली मुले, उन्हाने कोसळणारे म्हातारे, आणि वादळ आले तर मंडपाखाली सापडणारे लोक, यांच्यासाठी इथल्या ख्रिस्ती दवाखान्यांनी, शाळांनी आणि मंडळ्यांनी प्रशासनाशी आत्ताच बोलून आपला वाटा मागून घ्यावा, त्या कामात पत्रके वाटू नयेत, आणि तू कोण असे कुणी विचारलेच तर खरे उत्तर द्यावे, असे तिथे सुचवले आहे. त्याचा तपशील त्या प्रकरणात आहे.